ती कावीळ नव्हती

तुळशीचं लग्न झाल्यावरचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. रक्कम रुपये अकरा लाख चाळीस हजार. हजर: मुलीकडून मी, माझी बायको, मुलगी स्वतः, माझा डॉक्टर मेव्हणा आणि आमचे चुलते, ज्यांना सगळं घर आबा म्हणतं, मुलाकडून मुलगा, त्याचे वडील आणि आई. स्थळ आमचं घर, खासगी बाजार, ग्वाल्हेर.

रक्कम वाचून कोणाचा गैरसमज व्हायला नको म्हणून लगेच सांगतो. हा हुंडा नव्हता. हुंडा कोणी मागितला असता तर मी जिना दाखवला असता, आणि आमचा जिना फार उभा आहे. ही रक्कम मुलाने स्वतःहून सांगितली, आणि ती त्याने आधीच खर्च केलेली होती. नाकावाटे.

पण त्याआधी यादीबद्दल सांगायला हवं. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं बसून कोणी काय करायचं ते कागदावर लिहितात. कार्यालय कोणाचं, जेवण कोणाचं, गुरुजींची दक्षिणा कोणी द्यायची, कोणाला साडी आणि कोणाला नुसतं पाकीट. ग्वाल्हेरात आम्हा मराठी घरांची संख्या इतकी बेताची आहे की कुठल्याही लग्नात अर्धे पाहुणे दोन्हीकडचे निघतात, म्हणून लिहिलेलं बरं. मी एका खाजगी कंपनीचे हिशेब तीस वर्षं पाहतो आहे. इतर लोक यादी एका पानात उरकतात. माझी बावीस कलमांची होती, दोन प्रती, समास सोडून. प्रत्येक कलम मी वाचायचं, दोन्हीकडच्यांनी "मान्य" म्हणायचं, आणि शेवटी कागदाच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावून गजक, म्हणजे तीळगुळाच्या खुसखुशीत वड्या, वाटायची. पुण्याकडे अशा वेळी पेढे देतात. थंडीत ग्वाल्हेरात पेढ्याचं नाव कोणी काढत नाही.

तेरा कलमं सुरळीत गेली. चौदावं कानपिळीचं होतं. लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावतो, आणि नवरा त्याला काहीतरी देऊन कान सोडवून घेतो. आमची मुलगी एकुलती एक. मावसभाऊ-चुलतभाऊ मिळून तिघे, तिघेही परदेशात, तिघांनाही सुट्टी नाही. तेव्हा मी लिहिलं होतं, "कान पिळणारा: नंतर ठरवू." नंतर ठरवू हे शब्द मला कुठल्याच कागदावर आवडत नाहीत, पण भाऊ ऐन वेळी बाजारात मिळत नाही.

बाविसाव्या कलमानंतर आमच्या घराण्याची एक रीत आहे. घरातलं सर्वांत वडीलधारं माणूस विचारतं, "कोणाचं काही सांगायचं राहिलंय का?" या प्रश्नाला उत्तर नसतं. सगळे हसून माना हलवतात आणि गजकेचा डबा उघडतो. माझ्या लग्नाच्या यादीच्या वेळीही विचारलं होतं. तेव्हा मी रात्री उठून गॅसचा खटका तीनदा तपासतो हे आमच्याकडून कोणी सांगितलं नाही, आणि बायको झोपेत भांडते हे तिच्याकडूनही नाही. संसार चालू झाल्यावर ज्याचं त्याला कळलं.

आबांनी विचारलं, आणि विचारता विचारताच डब्याकडे हात नेला.

मुलगा म्हणाला, "हो आबा. माझं राहिलंय."

त्याची आई झटकन म्हणाली, "बेटा, गजक घे."

"घेतो आई. आधी सांगतो." तो माझ्याकडे वळला. अंगाने शिडशिडीत, तिशी ओलांडलेला, जाहिरातींची कामं करणारा मुलगा. पूर्वी गुडगावला मोठ्या कंपनीत होता, आता दौलतगंजातल्या घरी बसून करतो. "काका, चार वर्षांपूर्वी मी गुडगावला कोकेन घ्यायचो. सव्वा वर्ष घेतलं. अकरा लाख चाळीस हजार रुपये गेले त्यात. मग दिल्लीत भरती होऊन उपचार घेतले. त्यानंतर घेतलेलं नाही. आबांनी विचारलं म्हणून सांगतो आहे. नसतं विचारलं तरी आज सांगणारच होतो."

आबांचा हात डब्यावर तसाच राहिला. खाली रस्त्यावर एक हातगाडीवाला मटार विकत होता, त्याचा भाव आम्हां सगळ्यांना अगदी स्पष्ट ऐकू आला.

अशा वेळी बापाने काय बोलावं याचा काही नमुना असेल तर मला ठाऊक नव्हता. मी जे बोललो ते असं: "हा आकडा कसा काढला?"

"उपचारात लिहायला लावतात काका. पगार, कार्ड, विकलेली मोटारसायकल, मित्रांची उधारी. सगळं."

"कार्डाचं व्याज धरलंय?"

त्याने विचार केला. "नाही."

"मग आकडा कमी आहे."

"बाबा!" मुलगी ओरडली. "यहाँ भी आपका ऑडिट?"

तिच्या ओरडण्यात राग होता, लाज होती, पण आश्चर्य नव्हतं. मी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "दुसऱ्याच भेटीत सांगितलं त्याने मला. फूलबागेत. मी म्हटलं, घरी मी सांगते. फिर हिम्मत ही नहीं हुई."

आबांना मात्र मूळ मुद्दाच कळला नव्हता. "कोकेन म्हणजे ते पांढरं ना? भांगेतलंच काहीतरी?"

"नाही आबा, भांग वेगळी," डॉक्टर म्हणाला.

"मग ठीक. भांग मी शिवरात्रीला घेतो. ती प्रसादाची." आबा जरा सावरून बसले. "आमचे आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी मोठ्या शहरांतले शौकीन हे पानात घालून खायचे. जीभ बधिर व्हायची म्हणे."

"खरं आहे. बधिर करायलाच डॉक्टर वापरायचे एके काळी. डोळ्याच्या ऑपरेशनला."

"म्हणजे औषधच की!" आबांनी विजयी मुद्रेने मुलाच्या वडलांकडे पाहिलं, जणू लग्न वाचलं.

"आबा, डॉक्टर ते डोळ्यात एक-दोन थेंब घालून पेशंटला घरी पाठवायचे. हे लोक रात्रभर घ्यायचे," मेव्हणा म्हणाला. मुलाचे वडील खाली सतरंजीकडे बघत होते. विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ, गावात कोणाच्याही मुंजीला वेळेआधी हजर राहणारे. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या बायकोने मुलाच्या आईला विचारलं, "मग ती कावीळ?"

इथे मला थोडं मागे जायला हवं. चार वर्षांपूर्वी हा मुलगा गुडगावहून घरी आला तो ओळखू न येण्याइतका वाळून. डोळे खोल, नाक सतत वाहतं, रात्री झोप नाही, दिवसा अंथरुणातून उठणं नाही. कावीळ झाली आहे, असं त्याच्या आईने सगळ्यांना सांगितलं. तेव्हा सोयरिकीचा काही प्रश्न नव्हता, पण लश्कर या आमच्या भागात एका मराठी घरात कावीळ झाली की बाकीच्या घरांतून उपाय पोचतात. आमच्या घरातून उसाचा रस गेला, भाजलेले हरभरे गेले, आणि माझ्या बायकोने स्वतः वाटलेला मुळ्याच्या पाल्याचा रस रोज सकाळी बाटलीतून गेला. बाटली मीच पोचवत असे, ऑफिसला जाताना. एवढंच नाही, तर शहराच्या दुसऱ्या टोकाला कावीळ उतरवणारा एक माणूस आहे, तो चुन्याच्या पाण्याने रोग्याचे हात धुतो आणि पाणी पिवळं होतं, त्याचा पत्ताही बायकोनेच दिला होता.

"वहिनी, काय सांगू," मुलाची आई म्हणाली. पदर तोंडाला लावला होता, त्यामुळे ती रडत होती की हसत होती ते कळेना.

"पण पाणी पिवळं झालं होतं ना?" बायकोने विचारलं.

"झालं होतं," मुलाचे वडील पहिल्यांदाच बोलले. "पूर्ण पिवळं. एकशे एकावन्न घेतले त्याने. म्हणाला, तीन वेळात उतरेल."

डॉक्टरने कपाळ दोन्ही हातांत धरलं.

"काकू," मुलगा म्हणाला, "तो मुळ्याचा रस मी तीन आठवडे प्यायलो. नंतर दिल्लीत उपचाराला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, तुम्हाला सर्वांत कठीण काय वाटतं? मी म्हटलं, मुळा."

आबा मोठ्याने हसले. मग माझी बायको हसली, आणि हसता हसता एकदम उठून आत गेली. स्वयंपाकघरातून भांडी उगाच हलवल्याचा आवाज आला. त्या आवाजावरून मला कळलं की हसण्याचा भाग संपला आहे.

मुलाचे वडील हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, लपवलं हे आमचं चुकलं. पण काय बोलणार होतो आम्ही? पूरा लश्कर विचारत होता. कावीळ म्हटली तर लोक ऊस घेऊन येतात. हे म्हटलं असतं, तर कोण आलं असतं?"

मी दोन्ही प्रती दुमडल्या आणि म्हणालो, "यादी आज पुरी होत नाही. मला आठ दिवस द्या." हळदकुंकवाची वाटी तशीच राहिली. गजकेचा डबाही बंद झाला, मात्र त्याआधी आबांनी दोन वड्या काढून घेतल्या होत्या.

मुलगी जिन्यापर्यंत त्यांना सोडायला गेली. परत आल्यावर तिने मला एवढंच सांगितलं, "मी लग्न त्याच्याशीच करणार आहे बाबा. पर आपके बिना नहीं. आता बघा."

म्हणजे चेंडू माझ्याकडे आला, आणि तोही दोन्ही बाजूंनी.

दुसऱ्या दिवशी मी मेव्हण्याच्या दवाखान्यात गेलो आणि शेवटचा पेशंट जाईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसलो. मग आत जाऊन म्हणालो, "मला हे कोकेन समजावून सांग. जसं कंपनीला नवीन कर समजावतात तसं."

"सोपं आहे भाऊजी. मेंदू आनंद थोडा थोडा, पुरवून पुरवून देतो. हे आत गेलं की तो सगळा एकदम हातात येतो. माणसाला वाटतं आपण सिंह आहोत. हे किती वेळ? अर्धा तास धरा. मग माणूस पहिल्यापेक्षा गरीब होतो. उदास, चिडका, थकलेला. म्हणून पुन्हा."

"म्हणजे ओव्हरड्राफ्ट."

"हो. पण तारण काय आहे ते ऐका. हृदय जोरात पळतं आणि त्याच वेळी त्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या आवळतात. जोडीला दारू असेल तर आणखी वाईट. तिशीतला एक पोरगा हार्ट अटॅक येऊन माझ्यासमोर आणलेला आहे. बाप हात जोडून सांगत होता, डॉक्टरसाहेब, बिडीसुद्धा ओढत नाही हो माझा मुलगा. तो खोटं बोलत नव्हता. त्याला माहीतच नव्हतं. याला वास येत नाही, तोल जात नाही. घरच्यांना कळतं ते शेवटी." त्याने नाकाच्या मधल्या पडद्यावर बोट ठेवलं. "इथे भोक पडतं काहींना. झोप जाते. मग संशय सुरू होतो, दारामागे कोणी उभं आहे असं वाटतं."

"याचं हृदय?"

"काल रात्री स्वतः येऊन सगळ्या तपासण्या दाखवून गेला. मी मागितल्या नव्हत्या. ठीक आहे."

"पुन्हा घेणार नाही याची खात्री?"

"नाही."

"टक्के सांग."

"नाही सांगणार."

"अंदाजे?"

मेव्हणा वैतागला. "भाऊजी, मला मधुमेह आहे. मी उद्या रसगुल्ला खाणार नाही याची टक्केवारी तुम्ही माझ्या बहिणीला विचारता का? आज नाही खाल्ला. उद्या सकाळी पुन्हा ठरवायचं. त्याचंही तसंच आहे, फक्त रसगुल्ला जास्त वाईट आहे."

मी घरी आलो तो फार असमाधानी. उत्तर मिळालं होतं, पण आकडा मिळाला नव्हता, आणि आकड्याशिवायचं उत्तर मला सही नसलेल्या चेकसारखं वाटतं.

त्या आठवड्यात मुलाने मला फोन केला. नशा सोडलेल्या लोकांची एक बैठक असते, आज घरच्यांनाही येता येतं, येता का काका? मी गेलो. फूलबागेपासून जवळच एका शाळेच्या वर्गात ती भरते. बाकं दुसरी-तिसरीच्या मुलांची होती, त्यामुळे आम्ही पंधरा-वीस मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो. फळ्यावर सकाळचे पाढे तसेच होते. सतराच्या पाढ्यात एक चूक होती, ती मी मनातल्या मनात दुरुस्त केली.

एकेक जण उभा राहून आपलं नाव आणि आपली सवय सांगत होता. दारू, गांजा, स्मॅक म्हणजे ती स्वस्तातली ब्राऊन शुगर. माझी पाळी आली तेव्हा मी गोंधळून उभा राहिलो. नुसतं पाहुणा आहे म्हणून बसलो असतो तर चाललं असतं, हे नंतर कळलं. मी नाव सांगितलं आणि पुढे काय बोलावं ते न सुचून म्हणालो, "हिसाब-किताब."

"छूटता नहीं?" मागून कोणी विचारलं.

"नहीं. अभी आते ही फळ्यावरचा पाढा चेक केला," मी म्हणालो, अर्धं हिंदीत आणि अर्धं मराठीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलाने मान खाली घातली होती, पण त्याचे खांदे हलत होते.

चहाच्या वेळी पन्नाशीचा एक माणूस माझ्याजवळ आला. रंगकाम करतो, स्मॅक सोडून बरीच वर्षं झाली. मुलाकडे बोट दाखवून म्हणाला, "आपके दामाद एसी डिब्बे के हैं साहब. हम जनरल के. ग्वालियर में कोकीन वाला हमने यही एक देखा, तो पहले दिन सब उनको कुर्सी देने लगे."

"मग?"

"मग क्या. रोये तो हमारे जैसे ही."

परत येताना आम्ही दोघे चालतच निघालो. मी विचारलं, "सुरुवात कशी झाली?"

"पार्टीत. कंपनीला मोठं काम मिळालं होतं. सगळ्यात हुशार माणसं घेत होती काका, तीच अडचण झाली. गल्लीत पडलेला कोणी घेत असता तर मी लांब पळालो असतो. हे घेऊन रात्रभर काम व्हायचं. आई फोनवर म्हणायची, आज आवाज किती ताजा आहे रे तुझा. मला वाटायचं, बघा, आईलासुद्धा आवडतंय." थोडं चालल्यावर तो म्हणाला, "जो माणूस आणून द्यायचा ना, त्याला दोन मुली होत्या. फोटो दाखवायचा. तो पकडला गेला. त्याच्या फोनमध्ये आम्हा सगळ्यांचे नंबर असणार. मला वडील गाडी करून घरी घेऊन आले आणि कावीळ झाली. त्याच्या घरी काय झालं असेल, कोण जाणे. त्या अकरा लाख चाळीस हजारांत हे कुठल्या खात्यात घालायचं ते मला कळलेलं नाही."

मलाही कळलं नाही, आणि मी ते तसंच सांगितलं. दौलतगंजाच्या वळणावर तो थांबला. "काका, तुम्ही नाही म्हणालात तरी मी तिला समजावेन. पण तुम्ही नाही म्हणताना कावीळ म्हणू नका. खरं कारण सांगा."

घरी दोघी वाट बघत होत्या. बायकोने ताटं वाढली आणि सरळ विचारलं, "काय ठरलं?"

मी म्हणालो, "तीस वर्षं ताळेबंद तपासतोय. ज्यात एकही चूक नाही असा ताळेबंद समोर आला की मी पहिल्या पानापासून पुन्हा बघायला लागतो. याने तर चूक स्वतः लाल शाईने दाखवली. आबांच्या त्या प्रश्नाला आपल्या घरात आजवर कोणी उत्तर दिलं होतं का?"

"तुमचं ठीक आहे हो," बायको म्हणाली. "कागदात बसलं की तुम्हाला झोप लागते. मला भीती वाटते."

"मलाही वाटते आई," मुलगी म्हणाली. "उसको भी लगता है. रोज."

बायकोने मुलीच्या पानात न विचारता आणखी एक पोळी वाढली. आमच्या घरात ती सही समजतात.

पुढच्या रविवारी तीच माणसं, तीच सतरंजी. मी नव्याने घातलेलं कलम तेवीस वाचायला घेतलं, तर पहिल्या शब्दालाच अडलो. "कोकेन हा शब्द हळदकुंकवाच्या कागदावर नको," बायको म्हणाली. मुलाच्या आईने सुचवलं, "मग कावीळच लिहा ना. सगळ्यांना कळतं."

"मी खोटी नोंद करत नाही," मी म्हणालो.

"'जुना आजार' लिहा," मुलाचे वडील.

"जुना आजार म्हणजे मूळव्याध वाटेल," आबा म्हणाले. यावर पाच मिनिटं गेली. शेवटी सर्वानुमते जे कलम ठरलं ते असं: "मुलाने जे सांगितलं ते सर्वांनी ऐकलं. पुन्हा तशी इच्छा झाली तर तो घरात लगेच सांगेल, आणि ऐकणारा आधी ओरडणार नाही."

"ओरडणार नाही?" आबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे कोण पाळणार, हा?"

"मान्य," मी म्हणालो. मग सगळेच म्हणाले. मुलीने सर्वांत शेवटी, आणि जरा जोरात.

मी वाटी पुढे ओढली तेवढ्यात मुलगा म्हणाला, "काका, कलम चौदा रिकामं आहे."

"भाऊ नाही ना कोणी."

"तुम्हीच पिळा कान."

"सासऱ्याने?" आबा खवळले. "शास्त्रात नाही हे!"

"कोकेन आहे का शास्त्रात?" मुलाची आई फाडकन म्हणाली. तिच्या तोंडून तो शब्द निघालेला त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा ऐकला. तिने स्वतःही ऐकला बहुतेक, कारण त्यानंतर ती पदर न लावता, उघड हसली. मी "नंतर ठरवू" खोडून तिथे "वधूपिता" लिहिलं, खोडल्याजागी बारीक सही केली, आणि चारही कोपऱ्यांना कुंकू लागलं. गजक या वेळी आबांना सर्वांत शेवटी मिळाली.

लग्न माघात झालं. जेवणाच्या पंगतीत लश्करातल्या एक वयस्कर बाई वाढप्याला बजावत होत्या, "नवरदेवाला तळलेलं देऊ नको रे, कावीळ झाली होती बिचाऱ्याला." नवरदेव शेजारच्याच टेबलावर होता. तो वाकून म्हणाला, "मावशी, ती कावीळ नव्हती." मावशींनी घास हातात धरून विचारलं, "मग काय होतं?" त्याने सांगितलं. शेवटी म्हणाला, "आता बरा आहे. भजी चालतात." मावशींनी हातातला घास पानात ठेवला. मग त्यांनीच वाढप्याला हाक मारून त्याच्या पानात भजी वाढायला लावली. कमी वाढली म्हणून वर रागावल्याही.

पण त्याआधी सकाळी, होमाच्या वेळी, गुरुजींनी हाक दिली, "वधूचा भाऊ कुठे आहे?" मी धोतर सावरत उठलो. गुरुजींना यादी आधीच दाखवली होती, तरी त्यांनी डोळे मोठे केले. मी जावयाचा उजवा कान धरला. भाऊ लोक हळूच पिळतात, फोटोपुरता. मी तीस वर्षांत कुठलंच काम फोटोपुरतं केलेलं नाही.

"बाबा, बस!" मुलगी कळवळली.

"अजून थोडा चालेल," जावई म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. धूर होता म्हणून असेल, किंवा कानामुळे.

मग त्याने खिशातून पाकीट काढलं. कानपिळीचे रुपये पाचशे एक. देणार जावई, घेणार सासरा. मी तिथेच मोजून घेतले. व्याज धरलेलं नाही.